जुन्या गाडीला पेट्रोलचा वास ‘येतोच’?

सेकंडहँड गाडी बघताना कुणी म्हणाले, “आत पेट्रोलचा वास येतोय,” की विकणारा, एजंट आणि सोबत आणलेला मेकॅनिक एका सुरात सांगतात, “जुनी गाडी आहे, एवढा वास असायचाच. खाली बघा, एक तरी थेंब दिसतोय का?” घेणारा वाकून बघतो, जमीन कोरडी असते आणि व्यवहार होऊन जातो. हे संवाद ऐकून ऐकून आता कान किटले आहेत. त्यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि थेंबाचे विधान जास्त घातक आहे.

पेट्रोल म्हणजे इंजिन ऑइल नव्हे, की गळले तर फरशीवर काळा डाग सोडून जाईल. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही त्याची पेट घेण्याइतकी वाफ होते. मग मे महिन्यात, तापलेल्या इंजिनाजवळ पाझरलेले पेट्रोल जमिनीपर्यंत पोचणार कसे? ते वाटेतच उडून जाते. म्हणजे जमीन कोरडी असणे हा गळती नसल्याचा पुरावा नाहीच. शिवाय पेटते ती वाफ. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर निघून जात नाही, गाडीखाली आणि बंद गॅरेजच्या जमिनीलगत साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते, आणि ठिणग्या पाडणारी वायरिंग गाडीतच असते.

‘वास असायचाच’ यात तथ्य आहे ते एवढेच: कार्बोरेटरवाली गाडी तापलेली असताना बंद केली, की कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल उकळते आणि थोडा वेळ बॉनेटजवळ वास येतो. पण रात्रभर उभ्या असलेल्या, थंडगार गाडीला सकाळी वास येत असेल, तर त्याला वयाची सबब चालत नाही. पेट्रोल कुठून तरी बाहेर येत आहे.

कुठून, हे शोधायला वास कधी येतो ते आधी विचारावे. टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल, तर टाकीचा वरचा भाग बघा: तोंडापासून टाकीपर्यंतचा रबरी पाइप, किंवा काट्याचे युनिट बसते तिथले गास्केट. इंजिन चालू असतानाच येत असेल, तर पंपापासून पुढच्या, दाबाखालच्या नळ्या आणि क्लिपा तपासा. स्कूटर-मोटारसायकल उभी असताना कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून ठिबकत असेल, तर फ्लोटच्या नीडलखाली कचरा अडकलाय किंवा नीडल झिजली आहे. तोवर पेट्रोल कॉक बंद ठेवा. जुन्या कार्बोरेटर गाड्यांत इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला, तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्येही उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका.

तपासणी थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर काढून करावी. सांधे कोरडे पुसा आणि बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी टॉर्चने बघा. धुळीत धुऊन निघालेला ओघळ किंवा पिवळट-तांबूस डाग दिसला, की त्याच्या वरच्या टोकाला गळती असते. पेट्रोल ओघळत खाली येते, त्यामुळे ओले दिसते ते ठिकाण बहुधा मूळ नसतेच.

रबरी नळी भेगाळली असेल, तर तेवढाच तुकडा कापून जोड देऊ नका, सगळी बदला. तिचा बाकीचा भागही तेवढाच म्हातारा आहे. इंजेक्शन गाडीत साधारण तीन बार दाब असतो. तिथे कार्बोरेटरची साधी नळी चालत नाही आणि दाब उतरवल्याशिवाय सांधा उघडायचा नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘साबण किंवा एम-सील लावले की काम झाले.’ साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गॅरेजपर्यंत पोचवतो. पण टाकी आतून गंजत असते, ती दोन्हींमुळे थांबत नाही.

‘टाकी रिकामी केली, आता वेल्डिंगला भीती नाही.’ उलट आहे! काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. रिकामीत वाफ आणि हवेचे मिश्रण असते. ती नीट धुऊन, वाफमुक्त केल्याशिवाय ज्योत जवळ नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

‘सगळा दोष इथेनॉलचा.’ पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५मधल्या निवेदनात म्हटले आहे, की काही जुन्या गाड्यांत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०-३० हजार किलोमीटर वापरल्यावर काही रबरी भाग, गास्केट बदलावी लागू शकतात. पण रबर उष्णतेने आणि वयानेही मरते. दोष कुणाचाही असो, नळी बदलावीच लागते.

‘गाडी सीएनजीवर आहे, पेट्रोलचा प्रश्नच नाही.’ टाकीत पेट्रोल असते, बहुतेक गाड्या सुरूही त्यावरच होतात. आणि वर्षानुवर्षे न बघितलेल्या नळ्या याच गाड्यांत सापडतात.

‘पीयूसी आहे ना!’ ती चाचणी सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराची आहे, टाकीची आणि नळ्यांची नाही.

‘पेटलेच तर पाणी मारू.’ पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरवते. गाडीत कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवा.

दुरुस्तीनंतर टाकी फुल्ल करा, गाडी फिरवून आणा, रात्रभर उघड्यावर उभी ठेवा. सकाळी वास आला, तर काम पुरे झालेले नाही, बिल दिलेले असले तरी. आणि गाडी अजून घ्यायची असेल, तर विकणाऱ्याला सांगा, मी सकाळी येतो, तोवर इंजिन सुरू करू नका.