वस्तऱ्याला धार लावायचीय? 12000 ग्रिटचा दगड घेण्याआधी हे वाचा!

नवीन फोन घेताना आपण आधी काय बघतो? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे ते. नंतर कळतं की आकडा मोठा असला म्हणून फोटो चांगला येतोच असं नाही. वस्तऱ्याला धार लावायच्या दगडांचंही अगदी असंच आहे. माझ्या एका मित्राने काही हजार रुपये घालून थेट 12000 ग्रिटचा जपानी दगड मागवला. दोन संध्याकाळी वस्तरा घासला, तरी दाढी करताना केस ओढलेच जायचे. दगड खराब नव्हता. त्याचं कामच वेगळं होतं. ते काम कोणतं, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

आपण कोणत्या वस्तऱ्याबद्दल बोलतोय?

सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी ब्लेड बदलायचा वस्तरा असतो. त्याला धार लावावी लागत नाही. आपण बोलतोय अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याबद्दल, उदा. जर्मनीच्या झोलिंगन शहरात बनतात तसे. याला वेळोवेळी दगडावर धार लावावी लागते. आणि हो, असा वस्तरा एकानेच वापरायचा. रक्तातून पसरणारे हिपॅटायटिस बी सारखे आजार यातून पसरू शकतात, त्यामुळे मित्रालाही द्यायचा नाही.

ग्रिट म्हणजे नक्की काय?

कृत्रिम दगडात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात. ते रेझिन किंवा सिरॅमिकने बांधून त्याची वडी बनवतात. ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. शॅप्टन या जपानी कंपनीच्या ग्लासस्टोन मालिकेत कंपनीने दिलेलं कणांचं माप असं आहे:

- 1000 ग्रिट: 14.7 मायक्रॉन
- 8000 ग्रिट: 1.84 मायक्रॉन
- 16000 ग्रिट: 0.92 मायक्रॉन
- 30000 ग्रिट: 0.49 मायक्रॉन

1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे 16000 चा कण 1000 च्या कणापेक्षा 16 पट बारीक झाला. तो पोलाद कापत नाही असं नाही, पण इतकं कमी कापतो की बोथट पात्याला त्याचा काही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट, एका कंपनीचा 8000 आणि दुसऱ्या कंपनीचा 8000 सारखाच बारीक असेल असं नसतं. त्यामुळे आकड्यापेक्षा मायक्रॉन बघा.

धार बनते कुठे?

वस्तरा दगडावर सपाट ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे कोन आपोआप ठरतो. समजा पाठ 5 मिमी जाड आहे आणि पातं 18 मिमी रुंद. मग दोन्ही बाजू मिळून साधारण 16 अंशांचा कोन होतो. दोन्ही बाजूंचे उतार टोकापर्यंत येऊन एका रेषेत भेटले, की ती झाली धार. हे काम 1000 च्या दगडाचं. पुढे 4000 आणि 8000 आधीचे ओरखडे बारीक करत नेतात. 12000 किंवा 16000 फक्त शेवटची पॉलिश देतो. जी धार मुळात बनलीच नाही, तिला पॉलिश कुठून देणार?

फोनच्या टॉर्चने तपासा

मी दगड ओला करण्याआधी नेहमी या तीन गोष्टी बघतो:

1. टॉर्च: धार वर करून वस्तरा स्थिर धरा आणि टॉर्चच्या उजेडात बरोबर वरून धारेकडे बघा. चांगली धार इतकी पातळ असते की ती चमकत नाही. जिथे चकाकणारा ठिपका किंवा रेघ दिसेल, तिथे धार बोथट आहे किंवा तुटली आहे.
2. मार्कर: दोन्ही उतारांवर परमनंट मार्कर फिरवा आणि दगडावर एक-दोन हात मारा. शाई अगदी टोकाशी शिल्लक राहिली, तर दगड धारेपर्यंत पोचतच नाहीये.
3. हातावरचे केस: 1000 वर नीट बनलेली धारसुद्धा हातावरचे केस काढते. काढत नसेल तर पुढच्या दगडाकडे जाऊच नका.

फिनिशिंग कसं करायचं?

- आधी दगड सपाट करा. त्यावर पेन्सिलने चौकटी आखा आणि डायमंड प्लेटवर किंवा काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.
- दगडावर पाणी शिंपडा. असे बरेचसे बारीक दगड तासन्‌तास भिजत ठेवायचे नसतात, म्हणून कंपनीची सूचना वाचा.
- दगडावर वस्तरा धार पुढे ठेवून सरकवा. टोकाशी पोचलात की पाठीवरून उलटवा, धारेवरून कधीच नाही.
- दाब द्यायचा नाही, पात्याचं वजन पुरेसं आहे. दाब दिला तर बारीक दगडावरही टोकाला कागदासारखी पातळ किनार येते. ती आज तीक्ष्ण वाटते आणि पहिल्याच दाढीत मोडते.
- शेवटच्या 10-15 फेऱ्या स्वच्छ पाण्यावर, अगदी हलक्या हाताने. एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक हात मिळून एक फेरी.
- वस्तरा पुसून कोरडा करा आणि चामड्याच्या पट्ट्यावर 50-60 फेऱ्या द्या. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. नाहीतर पट्टा कापला जाईल.

मग पैसे कशावर घालायचे?

बजेट कमी असेल तर माझा सल्ला सरळ आहे. आधी 1000 चा चांगला दगड, चामड्याचा पट्टा आणि दगड सपाट करायची सोय. मग 4000 आणि 8000. नीट केलेल्या 8000 च्या धारेने आरामात दाढी होते. 12000 ने ती जास्त मऊ वाटते, तो दगड सगळ्यात शेवटी घ्या. वस्तरा आधीच तयार असेल आणि फक्त थोडा ओढायला लागला असेल, तर मात्र बारीक दगडावरच्या थोड्या फेऱ्यांनी काम होतं. म्हणून दगड निवडण्याआधी एकदा टॉर्च लावून बघा. धार चमकली तर 1000 पासून सुरुवात, नाही चमकली तर थेट फिनिशिंग!