हिशोब कोणाला दाखवलाय का?

खिसा रिकामा झाला की मनही बसतं. पण पैशाचं टेन्शन आपण सगळ्यांपासून लपवतो. या लपवण्याची किंमत काय, हे वर्धा जिल्ह्याने फार आधी पाहिलंय...

एक तारखेला सॅलरी जमा होते. पाच तारखेपर्यंत घरभाडं, बाइकचा इएमआय आणि कार्डाचं बिल तिचा फडशा पाडतात. उरलेले पंचवीस दिवस ‘बघू’वर! त्यात डबेवाल्या काकू दर वाढवतात, घरमालक अकरा महिन्यांचा करार संपल्याची आठवण करून देतो. रात्री दोनला जाग येते आणि डोक्यात आकडेमोड सुरू होते. सकाळी ऑफिसात कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, ‘एकदम मस्त!’

आता तुम्ही म्हणाल, यात वर्धा कुठून आलं? तर पैशाचा ताण आणि मन यांचं नातं महाराष्ट्रात ज्या भागांत सर्वांत जवळून तपासलं गेलं, त्यांपैकी हा एक. शिवाय हिंजवडीत किंवा ठाण्यात बसून हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणांचं घर हिंगणघाट, आर्वी, देवळीकडे असेलच की!

गाव विकणे आहे

२००५-०६च्या हंगामात वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने सगळं गावच विकायला काढल्याचं जाहीर केलं. कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात खर्च वाढत होता आणि भाव साथ देत नव्हता. बीटी बियाण्याचं ४५० ग्रॅमचं पाकीट तेव्हा १,६०० रुपयांच्या आसपास होतं. २००६मध्ये सरकारी दट्ट्या बसल्यावर ते ७५०वर आलं. पाऊस दगा देणार की नाही, हे मात्र कोणालाच माहीत नसायचं. म्हणजे आधी खर्च, मग नशीब!

त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग वर्ध्याच्या वायफडमध्ये येऊन गेले आणि १ जुलैला विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात सिंचनाला मोठा वाटा होता. थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं, मुद्दल राहिलं. २००८च्या केंद्रीय कर्जमाफीत संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच मिळाली. कोरडवाहू कास्तकाराकडे जमीन जास्त असते, पाणी नसतं. असे अनेक जण या रेषेबाहेर राहिले. आणि सावकाराचं, सोयऱ्याधायऱ्यांचं हातउसनं? ते तर बँकेच्या कागदावर नव्हतंच. ते होतं फक्त माणसाच्या डोक्यात.

सेवाग्रामहून आलेली नोंद

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार शिकवणारे डॉ. प्रकाश बेहेरे यांनी २००८मध्ये विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर लेख लिहिला. त्यात साचत गेलेलं कर्ज, वाढता खर्च आणि बुडालेलं पीक तर होतंच. त्यांच्याच बरोबरीने डिप्रेशन, व्यसन आणि घरातले ताणही होते. मुद्दा साधा आहे. ‘प्रॉब्लेम पैशाचा की मनाचा?’ हा प्रश्नच चुकीचा. दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. कर्जाने झोप उडते, झोप उडाली की निर्णय चुकतात आणि चुकलेल्या निर्णयाने कर्ज वाढतं.

गावातलाच काउन्सेलर

मग सुरू झाला ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांसाठी आखलेला. यात गावातल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं गेलं. समोरच्याचं ऐकायचं कसं, धीर द्यायचा कसा आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं. ‘लॅन्सेट सायकिअट्री’मध्ये २०१७ साली त्याचे आकडे छापून आले. विदर्भातल्या ३० गावांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं! या लोकांची कर्जं काही जादूने फिटली नव्हती. पण बोलायला कोणीतरी ओळखीचं होतं आणि बोलण्यात कमीपणा राहिला नव्हता.

आपलं काय?

आपण कास्तकार नाही. दर महिन्याला पगार येतो, पाऊस पडो न पडो. त्यांचं दुःख आणि आपलं टेन्शन एका तराजूत तोलणं बरं नव्हे. पण एक गोष्ट सारखी आहे. कागदावर नसलेलं, घरी न सांगितलेलं कर्ज. कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’ भरून आपण सुटलो असं वाटतं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के! सावकार वेगळं काय करतो? आणि गावी फोन केला की आई विचारते, ‘पैसे पुरतात नं रे?’ आपण म्हणतो, ‘हो गं!’ उलट दर महिन्याला घरी पाठवायची रक्कम कमी होऊ नये म्हणून आणखी एक अ‍ॅप डाउनलोड करतो.

हा ‘हो गं’च सगळ्यात महागात पडतो. आकडा एकट्याने सांभाळला की तो राक्षस होतो. दुसऱ्याने पाहिला की तो निदान बेरीज-वजाबाकीत उतरतो. महागाई तुमच्यामुळे आलेली नाही, मग लाज तुम्हीच का बाळगायची?

महिनाअखेर जड जातेय? मग...

• एका कागदावर सगळी देणी लिहा. मित्राकडून घेतलेले दोन हजारही! सर्वांत जास्त व्याजाचं देणं आधी फेडायला घ्या.

• तो कागद एका माणसाला दाखवा. बायको, नवरा, ताई, रूममेट, कोणीही. उधार मागायला नाही, फक्त दाखवायला.

• हप्ता चुकणार असेल तर चुकण्याआधी बँकेशी बोला.

• रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या सूचनांनुसार वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाहीत. धमकी तर कधीच नाही. तक्रार करा.

• दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही? मग डॉक्टरकडे जा. यात ‘वेडं’ असण्याचा संबंध नाही.

• ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं वाटत असेल तर एकटे राहू नका. लगेच १४४१६ फिरवा. सरकारची ही ‘टेली मानस’ हेल्पलाइन २०२२पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास आणि मराठीतही!