व्हिस्की कशाला म्हणावे?

मद्यपान चांगले की वाईट, हा या लेखाचा विषय नव्हे. ते काम वक्तृत्व स्पर्धेवर सोपवू. येथे प्रश्न आहे तो नावाचा. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्याला 'व्हिस्की' म्हणावे काय? विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या आपणा सर्वांना हा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचे मूळ प्रकार दोन. पहिला माल्ट. आपण मटकीला आणतो तसे बार्लीला मोड आणतात, ते वाळवून भरडतात व गरम पाण्यात कालवतात. मोडांमुळे धान्यातील पिठूळ भागाची साखर होते. ती आंबवून तांब्याच्या भांड्यांत बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन करतात. एकाच भट्टीतील असे मद्य म्हणजे 'सिंगल माल्ट'. दुसरा प्रकार ग्रेन. गहू किंवा मका घेऊन, त्यात थोडे माल्ट घालून, उंच स्तंभासारख्या यंत्रातून हे मद्य अखंड काढतात. या यंत्राचे एकस्व ईनियस कॉफी याने १८३० साली घेतले. ग्रेन स्वस्त व चवीला सौम्य असते. दोन्ही मद्ये ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरावी लागतात.

या दोहोंचे मिश्रण ती 'ब्लेंडेड स्कॉच'. घरच्या मसाल्यात धणे भरपूर आणि लवंग, दगडफूल मोजके. तसेच येथे ग्रेन पायाला आणि निरनिराळे माल्ट चवीला. जॉनी वॉकरमध्ये कार्डू, टॅलिस्कर, शिवास रीगलमध्ये स्ट्रॅथआयला, ड्यूअर्समध्ये ॲबरफेल्डी, व्हाइट हॉर्समध्ये लागावुलिन. हे शेवटचे धुरकट चवीचे माल्ट ज्या बेटावरचे, त्याचा उच्चार 'आयला' असाच आहे. गुरुजनांनी गैरसमज करून घेऊ नये! ही मिश्रणे ठरवणारा जाणकार जिभेपेक्षा नाकावर अधिक विसंबतो.

आज प्रतिष्ठित असलेले हे मिश्रणही एकेकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात होते. १९०५ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातील पालिकेने काही विक्रेत्यांवर खटले भरले. ग्रेन ही खरी व्हिस्कीच नव्हे, असा आरोप होता आणि १९०६ मध्ये निकाल विक्रेत्यांविरुद्ध गेला. वाद वाढल्याने शाही आयोग नेमला गेला. १९०९ मध्ये आयोगाने ग्रेनलाही व्हिस्की मानले. मात्र मद्य धान्याचेच असावे, ही रेघ कायम राखली.

आपली मळी या रेघेच्या बाहेर राहते. भारतातील पुष्कळशा स्वस्त व्हिस्कींमध्ये मळीचा मद्यार्क पायाला असतो. त्यात थोडे माल्ट, कधी थोडे स्कॉटलंडहून आणलेले मद्य मिसळतात. युरोपीय संघात असे मद्य व्हिस्की या नावाने विकता येत नाही. बार्लीपासून बनलेल्या बंगळूरच्या अमृत किंवा गोव्यातील पॉल जॉन या सिंगल माल्टना मात्र ती आडकाठी नाही. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करार झाला. स्कॉचवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले आहे. त्यामुळे हा नावाचा वाद आता बाजारातही अधिक जाणवेल.

युरोपचा नियम म्हणजे निव्वळ व्यापारी डावपेच, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य असेलही. परंतु मळीच्या मद्याला जगात स्वतःचे मानाचे नाव आहे, ते म्हणजे रम. मग उसाने बार्लीचे सोंग का घ्यावे? मिश्रण करणे ही लबाडी नव्हे, हे स्कॉटलंडने दाखवून दिले. मिश्रणात काय आहे ते लपवणे ही लबाडी. ऊस पिकवणाऱ्याचा घाम ज्या बाटलीत उतरतो, तिच्या चिठ्ठीवर उसाचे नाव असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.