फोटॉनची ऊर्जा: प्रखरतेवर नव्हे, तरंगलांबीवर

दिवा जितका प्रखर, तितके त्याचे फोटॉन जास्त ऊर्जेचे, ही समजूत विज्ञान शिकलेल्यांच्या मनातही घट्ट बसलेली असते. ती पूर्ण चुकीची आहे. एका फोटॉनची ऊर्जा केवळ तरंगलांबीवर ठरते. प्लँकच्या स्थिरांकाला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे आणि तरंगलांबीने भागायचे. या सूत्रात प्रखरतेला जागाच नाही. दिवा प्रखर केला की फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची ताकद मात्र तेवढीच राहते.

हे सहजासहजी कुणाला सुचलेले नाही. १९०२ मध्ये फिलिप लेनार्ड यांना प्रयोगात दिसले, की धातूवर टाकलेला प्रकाश वाढवला तर बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन संख्येने वाढतात, पण त्यांची कमाल ऊर्जा वाढत नाही. प्रकाश म्हणजे फक्त लाट मानली, तर याचा अर्थच लागत नव्हता. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी तो लावला: प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत येते आणि एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुंज घेतो. रॉबर्ट मिलिकन यांना ही कल्पना पटली नव्हती. त्यांनी वर्षानुवर्षे काटेकोर मोजमापे केली आणि १९१६ मध्ये त्यांच्याच आकड्यांनी आइनस्टाइन यांचे समीकरण खरे ठरवले. आइनस्टाइन यांचे १९२१चे नोबेल याच कामासाठी होते, सापेक्षतेसाठी नव्हे.

जस्ताचे उदाहरण घ्या. त्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. लाल लेझरच्या ६५० नॅनोमीटरच्या फोटॉनकडे जेमतेम १.९ असतात. एक मिलिवॅटचा असा लेझर सेकंदाला सुमारे ३३ कोटी कोटी फोटॉन सोडतो, तरीही जस्त ढिम्म राहते. दोन फूट उडी मारणारी शंभर माणसे आणली म्हणून चार फुटी भिंत ओलांडली जात नाही, तसेच हे. उलट २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याचा प्रकाश कितीही मंद असला, तरी त्याच्या प्रत्येक फोटॉनकडे ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात आणि इलेक्ट्रॉन निघू लागतात. शेकोटीसमोर तासभर बसून अंग भाजून निघेल, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेतल्या डीएनएला होते तशी थेट इजा शेकोटीचे अवरक्त फोटॉन करू शकत नाहीत, त्याचे कारणही हेच.

आता प्रत्यक्ष गणित. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा. स्थिरांक आणि वेग यांचा गुणाकार ज्यूल आणि मीटरमध्ये १.९८६ × १० चा उणे २५वा घात इतका येतो. तरंगलांबी मीटरमध्ये म्हणजे ५.८९ × १० चा उणे ७वा घात. भागाकार केला की उत्तर ३.३७ × १० चा उणे १९वा घात ज्यूल. विद्यार्थी इथे नॅनोमीटरचे मीटर करायला विसरतात आणि उत्तर शंभर कोटी पटींनी चुकते. सूत्र येत असूनही गुण जातात ते बहुधा इथेच. म्हणून मला इलेक्ट्रॉन व्होल्टची वाट जास्त आवडते: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. १२४० भागिले ५८९, म्हणजे २.१. दृश्य प्रकाशाचे उत्तर साधारण १.६५ ते ३.१ यांच्या दरम्यानच यायला हवे. ते बाहेर गेले, तर आकडेमोड पुन्हा तपासावी.

यात आणखी एक खाचखळगा आहे. पाण्यात शिरल्यावर हाच पिवळा प्रकाश ४४२ नॅनोमीटरचा होतो. मग त्याची ऊर्जा वाढली का? नाही. पाण्यात वेगही त्याच प्रमाणात घटतो, वारंवारता तीच राहते आणि ऊर्जा वारंवारतेशी बांधलेली असते. १२४० चा हिशेब निर्वातातल्या तरंगलांबीसाठीच आहे.

हेच सूत्र इलेक्ट्रॉनला लावणे, हीसुद्धा नेहमीची चूक. ०.१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा १२,४०० इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर तेवढ्याच तरंगलांबीच्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा फक्त १५०. दोघांचा संवेग सारखाच असतो. पण इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, फोटॉनला नाही, त्यामुळे संवेगावरून ऊर्जा काढण्याची रीत बदलते.

राहिली मोबाइलच्या लहरींची भीती. ३.५ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी लहरींची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर. त्यांच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक लाखाव्या भागाच्या जेमतेम दीडपट. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे अडीच लाख पट. क्ष-किरणांचा फोटॉन करतो ते काम हा फोटॉन करू शकत नाही. ‘रेडिएशन’ हा एकच शब्द दोघांना लावून लोकांना घाबरवणे मला अन्यायाचे वाटते.

पण म्हणून ‘या लहरी काहीच करत नाहीत’ असे म्हणणेही बरोबर नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनचे फोटॉन याहूनही दुबळे असतात, तरी भात गरम होतो, कारण ते प्रचंड संख्येने शोषले जातात आणि त्यांच्या ऊर्जेची बेरीज उष्णतेत दिसते. फोनबाबत विचारायचा प्रश्न म्हणूनच बंध तुटण्याचा नाही, उष्णतेचा आहे. भारतात हँडसेटसाठी घातलेली मर्यादाही त्याच मापात आहे: शरीरात शोषली जाणारी शक्ती किलोमागे १.६ वॅट, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून.