जखमी सरडगुहिरा आणि आपण



‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आज ज्या प्राण्याविषयी बोलायचे आहे, त्याची धाव कुंपणापर्यंतही पुरत नाही. हा सरडगुहिरा. इंग्रजी पुस्तकांत कॅमेलिऑन म्हणतात तो हाच. कुंपणावर डोके वरखाली करणारा आणि माणूस दिसला की सुर्रकन पळणारा नेहमीचा सरडा वेगळा. सरडगुहिरा बहुधा हिरवा, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखा, शेपटीसकट फूट-सव्वा फूट लांब. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटीची गुंडाळी. आणि चाल म्हणाल तर एकेक पाऊल झुलवीत, वाऱ्यावर पान हलावे तशी. जगात याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. आपल्या महाराष्ट्रात आढळते ती एकच.

झाडावर असतो तोवर हा सुरक्षित. पण मादीला अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरावेच लागते. ती माती उकरते, अंडी घालते आणि खड्डा बुजवून परत फिरते. त्या वाटेवर डांबरी रस्ता लागतो, कुत्री-मांजरे भेटतात, आणि दगड घेतलेली पोरेही. कारण काय, तर हा विषारी आहे असा समज! मंडळी, हा समज साफ खोटा आहे. सरडगुहिऱ्याच्या अंगात विषाची ग्रंथीच नाही. तो फुगतो, तोंड वासतो, फुसफुसतो. फार छेडला तर चावेल. पण त्याने विषबाधा होत नाही. पळता येत नाही म्हणून केलेले हे नुसते सोंग आहे.

आता दगड मारणाऱ्यांचे सोडून देऊ. आजचे बोलणे आहे ते दया करणाऱ्यांशी. जखमी प्राणी दिसला की आपण त्याला घरी आणतो, वाटीभर पाणी ठेवतो, तोंडात दूध घालतो, जखमेवर हळद दाबतो आणि उन्हात ठेवतो. सकाळी पाहावे तर प्राणी मेलेला! दया होती, माहिती नव्हती. या प्राण्याचे शरीर कसे चालते हे कळले, तर शुश्रूषेत काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हेच मोठे आहे असे ध्यानात येईल.

पहिली गोष्ट उचलण्याची. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशी जोडलेली असतात, सांडशीसारखी. फांदी धरली की ती पकड सुटत नाही. ओढून काढाल तर बोट किंवा पाय मोडेल. शेपटीलाही धरू नये. पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा येते, तशी याची येत नाही. त्याच्या पुढ्यात एक काटकी धरा. जमत असेल तर तो आपणहून चढेल. चढवत नसेल, तर पोटाखाली तळहात घालून अलगद उचला.

दुसरी गोष्ट जागेची. पुठ्ठ्याचे खोके घ्या, त्याला भोके पाडा, तळाशी सुती फडके घाला आणि एक आडवी काटकी पक्की बसवा. पाय मोडला असेल तर काटकी नको; फडक्याच्या मऊ गुंडाळ्यांचा आधार पुरे. खोके झाकून शांत जागी ठेवा. याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, त्यामुळे भोवती जमलेला घोळका त्याला चहूकडून दिसतो. त्याला तो शत्रूच वाटतो. म्हणून बघे लांब. दोन सरडगुहिरे कधीही एका खोक्यात ठेवू नयेत.

तिसरी गोष्ट उबेची. आपले शरीर आतून ऊब तयार करते, याचे शरीर ती बाहेरून घेते. गारठला तर त्याचे पचन आणि हालचाल मंदावते. पण म्हणून भर उन्हात, पत्र्याच्या डब्यात ठेवाल तर तासाभरातही मरेल. तिथे त्याला सावलीकडे सरकता येत नाही. आपल्याला सुखाची वाटते ती सावलीतली ऊब बरी. थंडीच्या रात्री कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला, बाहेरून लावावी.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. रानात हा पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. वाटीतले साचलेले पाणी हे पाणी आहे, हेच त्याला बहुधा उमगत नाही. तेव्हा त्याच्याजवळ एक हिरवी डहाळी ठेवून तिच्यावर पाणी शिंपडा. चाटले तर उत्तम. तोंड उघडून पाणी ओतू नका. श्वासनळीचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. पाणी फुप्फुसात जाते. दूध तर नकोच नको. अन्नाचीही घाई नको. तो किडे-नाकतोडे खाणारा, तेही हलणारा किडा लांब जीभ फेकून टिपणारा. निरोगी मोठा सरडगुहिरा एखादा दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. कोंबलेल्या घासाने मरू शकतो.

पाचवी गोष्ट जखमेची. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ विरघळवावे. त्या पाण्याने जखमेवरची माती हळूच धुवावी. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल यांतले काही लावू नये. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. मोडलेल्या पायाला कामट्या बांधू नयेत. जखमेवर माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून खोक्यावर पातळ कापड टाकावे. मांजराने धरलेला असेल, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ती साधी समजू नये. मांजराच्या दातांतले जंतू आत खोल गेलेले असतात. अशा वेळी डॉक्टर लवकर गाठावा.

दुखणे ओळखायचे कसे? डोळे खोल गेले असतील तर अंगातले पाणी आटले आहे. दिवसाढवळ्या डोळे मिटून राहतो, छेडले नसतानाही तोंड उघडून श्वास घेतो, फांदीवरून पडतो, ही सारी गंभीर लक्षणे. रंगावरून मात्र एकदम निदान करू नका. तो रंग बदलतो ते मुख्यतः भोवतालात लपण्यासाठी नव्हे. ऊन, थंडी, भीती, राग यांप्रमाणे बदलतो. काळवंडलेला सरडगुहिरा आजारी असेल, किंवा नुसता घाबरलेलाही असेल.

ही सारी शुश्रूषा एका रात्रीची, फार तर एका दिवसाची. सरडगुहिऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला धरणे, विकणे, घरी पाळणे हा गुन्हा आहे. म्हणून सापडल्याबरोबर गावच्या वनरक्षकाला किंवा जवळच्या वन कार्यालयाला कळवावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. कुठे सापडला ती जागा लिहून ठेवावी, कारण बरा झाल्यावर त्याला तिथल्याच झाडावर सोडायचे असते. रस्त्यात सापडलेला पण धडधाकट असेल, तर तो ज्या दिशेने चालला होता त्या बाजूच्या झुडपावर ठेवावा. माती उकरणाऱ्या मादीला तर हातच लावू नये.

कुणी म्हणेल, परदेशात लोक पाळतात ना? पाळतात. येमेनकडची एक जात युरोप-अमेरिकेत घरोघर दिसते. पण तिच्यासाठी जाळीचा उंच पिंजरा, पाण्याचे तुषार आणि अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. ते किरण नसतील तर शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, चुना हाडांत मुरत नाही. हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लुळा होतो. खोलीत डांबलेल्या या प्राण्याचे हे नेहमीचे दुखणे. आपल्या बाभळीवरच्या सरडगुहिऱ्याला हा दिवा सूर्य फुकट देतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती. मुलांनी असा प्राणी शाळेत आणला तर त्यांना रागावू नका. आधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. मग खोके झाकून ठेवा आणि वन विभागाला कळवा. ती माणसे येईपर्यंत फळ्यावर त्याच्या पायाचे चित्र काढा, दोन बोटे इकडे, तीन तिकडे. ज्या पोराने ते चित्र वहीत उतरवले, तो उद्या दगड उचलताना निदान एकदा थांबेल.