‘उन्हाळी’ की जंतू?

शेतात खुरपणाऱ्या माझ्या आईला लघवीला जळजळ झाली, की घरात म्हणत, “उन्हाळी लागली, धण्याचं पाणी घे.” एकदा मात्र हुडहुडी भरून ताप आला, बरगडीखाली पाठ दुखू लागली. डॉक्टरांनी लघवी तपासून सांगितले, हे जंतूंचे काम.

बहुधा हा जंतू ‘ई. कोलाय’ असतो. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ साली त्याचे वर्णन केले. आतड्यात तो निमूट राहतो; मूत्रमार्गात शिरला, की अंगावरच्या सूक्ष्म तंतूंनी मूत्राशयाला चिकटतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, म्हणून त्यांना धोका अधिक. पुढे तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. काही वाणांचे विष तेथील पेशींच्या आवरणाला भोके पाडते. पेशी मरतात, व्रण राहतो. एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. गेलेल्या गाळणीच्या जागी नवी उगवत नाही.

वाहत्या लघवीबरोबर जंतू धुऊन जातात. पण शेतात आडोसा नसतो, म्हणून बायका पाणीच कमी पितात. आईनेही लाजेपोटी आठ दिवस दुखणे अंगावर काढले होते. औषधांनी ती बरी झाली. वाचकहो, आपल्या घरीही एकदा विचारून पाहा.