कुंडी ते कढई (लेखांक ९) : मूठभर भाजीचे दिवस

आज सकाळी गच्चीवरून उतरवलेला माल असा : भेंड्या सात, त्यातल्या दोन जून. दोडका एक, वीतभर. गवारीच्या शेंगा ओंजळीलाही कमी. आणि पानाआड लपून राहिल्यामुळे नको तेवढी माजलेली एक काकडी. सासूबाईंनी सुपात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "घरात माणसं चार. एवढ्याची काय आरती करू?"

प्रश्न रास्त आहे. गेल्या आठ लेखांकांत माती, गोण्या, बी भिजवणं, वेलाला मांडव यांवर मी भरपूर शाई खर्च केली. घरच्या भाजीबद्दलची मुख्य गोष्ट मात्र सांगायची राहूनच गेली. मंडईत भाजी पावकिलोच्या हिशेबात मिळते, गच्चीवर ती मुठीच्या हिशेबात येते. दहा-बारा गोण्यांवर एका वेळी एकाच भाजीची कढई भरणं एप्रिलमध्ये तरी अवघड. हे ज्याच्या ध्यानात येत नाही तो एकतर वेलांना खत चारत सुटतो, नाहीतर मे उजाडायच्या आत सगळं उपटून तिथं शोभेची झाडं लावतो. मी दोन्ही करून बसले आहे.

खताची गोष्ट आधी, कारण खालच्या मजल्यावरच्या वहिनी परवा तीच घेऊन आल्या होत्या. त्यांनी आणि मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एकाच पाकिटातलं दोडक्याचं बी लावलं.

"तुमच्याकडे फळ धरतंय आणि माझ्याकडे नुसती फुलं. शेणखत झालं, पेंड झाली, आता आणखी काय घालू?"

"काही घालू नका. संध्याकाळी सहाला वर या."

दोडका, दुधी, काकडी, कारलं, भोपळा या मंडळींमध्ये एकाच वेलावर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. ओळखायला सोपं आहे. नर फुलाच्या मागे नुसता बारीक देठ असतो. मादी फुलाच्या मागे, फूल उमलण्याआधीच, इवलंसं फळ असतं. दोडक्याचं तर बघत राहावं असं : काडीसारखं बारीक, पण त्यावर शिरा आधीच उमटलेल्या. नर फुलं एका दांड्यावर घोसानं येतात आणि रोज एखाद-दुसरं उमलतं. मादी एकटी असते, बरेचदा त्याच पेऱ्यात. वेल वयात आला की सुरुवातीला नर फुलंच दिसतात. ऊन कडक आणि दिवस मोठा असला की त्यांची संख्या आणखी वाढते. ती उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळतात. त्यांनी गळायचंच असतं. त्यावर खत हा उपाय नाही. उलट नत्र जास्त झालं की वेल नुसता पाल्यावर जातो.

वहिनींच्या वेलावर मादी फुलंही होती, पण मागचं फळ टोकाकडून पिवळं पडून गळत होतं. म्हणजे पराग पोचत नव्हता. मुंग्या फिरतात, पण त्यांच्यानं ते काम होत नाही. बरं, वहिनी हुशार आहेत. कुठंतरी वाचून त्या सकाळी सातला चित्रकलेचा ब्रश घेऊन वर जात होत्या. चूक एवढीच की दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी सातला त्याची वेळ टळलेली असते. त्याचाच चुलतभाऊ घोसाळं मात्र सकाळी उमलतं, त्यामुळे फसगत व्हायला वाव आहे. दुधीचं पांढरं फूल तिन्हीसांजेला उघडतं आणि रात्रीच्या पतंगांची वाट बघतं. काकडी आणि कारलं सकाळचे. तांबड्या भोपळ्याचं ते मोठं पिवळं फूल तर भल्या पहाटेच उघडतं आणि ऊन चढलं की मिटून घेतं. आठला उठणाऱ्यानं भोपळा लावू नये, लावला तर पावसाळ्यात चारी बाजूंनी कीटक असताना लावावा.

संध्याकाळी वहिनी आल्या. ताजं उमललेलं एक नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या मागे वळवल्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध, जिथं तीन फुगीर चिकट पाळ्या दिसतात तिथं, अलगद टेकवला. ब्रशची गरजच नाही. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. दोन-तीन दिवसांत फळ फुगायला लागलं आणि हिरवंगार राहिलं, तर काम झालं म्हणायचं. पुढच्या आठ-दहा दिवसांत दोडका कोवळाच तोडायचा. फळ धरल्या धरल्या त्यावर मलमलीची किंवा जुन्या साडीच्या तुकड्याची सैल पिशवी बांधा. फळमाशी कोवळ्या सालीतच अंडी घालते आणि नंतर दोडका चिरला की आत अळ्या निघतात.

भेंडी आणि गवारीला यातलं काही लागत नाही, त्यांचा संसार एकाच फुलात असतो. टोमॅटोचंही तसंच, पण पारा पस्तिशीच्या वर गेला की त्याचं परागीभवन नीट होत नाही आणि फुलं झडतात. उन्हाळ्यात टोमॅटो मिळत नाही म्हणून कुणी हळहळू नये, तो त्याचा मोसमच नव्हे. आणि फुलांच्या वेळेला वेलावर कसलीही फवारणी नको, मग ती अगदी घरगुती लसूण-मिरचीची का असेना. एका कोपऱ्यात तुळशीच्या मंजिऱ्या राहू द्या. मधमाश्या तिथं येतात आणि येता-जाता वेलांचंही बघतात.

पाण्याबद्दल थोडक्यात. आमच्या सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो. गोण्या विटांवर ठेवा आणि मातीवर चार बोटं जाडीचं आच्छादन घाला. आमच्याकडे उसाच्या पाचटाला तोटा नाही, कोकणात नारळाच्या शेंड्या, पुण्या-मुंबईत सोसायटीचा झाडलेला पालापाचोळा. गणिताचे प्राध्यापक असलेले श्री. अ. दाभोळकर 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्याचं हे महत्त्व वर्षानुवर्षं सांगत राहिले. आपण मात्र अजून तो पेटवतो. भर दुपारी पानांनी माना टाकल्या म्हणून लगेच पाइप घेऊन धावू नका. संध्याकाळी पानं सावरली तर पाणी पुरेसं आहे. सावरली नाहीत तर बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा.

आता सुपाकडे येऊ. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच हातात होतं. आपल्याकडे भाजी कमी आणि खाणारी तोंडं जास्त ही स्थिती नवी नाही, आणि बहुतेक साध्या भाज्यांची घडणच तशी आहे. मूठभर मेथी असेल तर पीठ पेरायचं. दोडका कमी असेल तर डाळ घालायची. गवार थोडी असेल तर भोपळ्याची जोड द्यायची. काहीच पुरत नसेल तर ताक आहे. 'डाळ घालून', 'पीठ पेरून', 'कूट लावून' हे शब्द चवीचे वाटतात, पण मुळात ते पुरवठ्याचे शब्द आहेत असं माझं मत आहे. मंडईतून दोन किलो आणणाऱ्या आपण त्यातली चव ठेवली आणि युक्ती विसरलो.

तर दोडका. आधी शिरा सोलून वेगळ्या ठेवल्या. उरलेल्या गराच्या फोडी आणि अर्धा तास भिजवलेली दोन मुठी मूगडाळ. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेल्या दोन मिरच्या, मग डाळ आणि फोडी. पाणी घालायचं नाही. झाकण म्हणून ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी ओतायचं. खाली वाफ धरते आणि दोडक्याला स्वतःचं पाणी सुटतं. मीठ मात्र शेवटी. कच्च्या फोडींचा ढीग बघून मीठ घातलं की फसलात, कारण दोडका शिजून निम्मा होतो आणि मीठ तेवढंच राहतं. उतरवताना ओलं खोबरं. चौघांना पुरली.

शिरांची चटणी ही या एका दोडक्याची खरी कमाई. शिरा बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर परतत राहायच्या. आधी त्या मऊ पडतात, मग हळूहळू कडक होत जातात. याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि इथं घाई चालत नाही. अर्धवट परतलेल्या शिरा दातात चामड्यासारख्या लागतात. कुरकुरीत झाल्या की तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ, चिमूटभर साखर, आणि दोन मिनिटांत गॅस बंद. मिक्सरला लावू नका, हातानं चुरडा. आठवडाभर टिकते म्हणतात. आमच्याकडे कधी टिकलेली नाही.

भेंडी सात म्हणजे भाजीला पाच. जून ओळखायची रीत तुम्हाला माहीत आहेच, टोक मोडून बघायचं. कट्‌ आवाज आला तर कोवळी, नुसती वाकली तर दोर. सोमवारी कोवळी दिसणारी भेंडी गुरुवारपर्यंत हाताबाहेर जाते, म्हणून एक दिवसाआड तोडणी चुकवायची नाही, भले दोनच निघोत. त्या कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस जमवता येतात. आजच्या पाचांची कढी केली. भेंडी पुसून कोरडी चिरली आणि जिऱ्या-मेथीच्या फोडणीत तार सुटेनाशी होईपर्यंत परतली. मग बेसन लावलेलं आंबट ताक ओतलं आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहिले. भेंडीच्या चिकटपणाला पाणी वाढवतं आणि आंबट मोडतं, एवढं कळलं की भेंडीचे निम्मे पदार्थ आपोआप सुचतात.

गवारीचं काही विशेष नाही. ओव्याची फोडणी, बाजारच्या तांबड्या भोपळ्याच्या फोडी, गुळाचा खडा आणि दाण्याचं कूट.

माजलेली काकडी मी टाकायलाच निघाले होते. सासूबाई राजापूरच्या. "हे काही तवसं नव्हे, पण चालेल," म्हणत त्यांनी ती हातातून घेतली, बिया काढल्या, किसली आणि किसाचं पाणी पिळू दिलं नाही. त्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, मीठ, वेलची मिसळून कुकरमध्ये शिटी न लावता तवसळी वाफवली. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून व्हायची, वरून खरपूस. कुकरमध्ये ती गोरी राहते. मग तुपावर एक बाजू भाजून घेतली.

किसण्याआधी मात्र त्यांनी देठाकडची चकती चाखून बघितली, आणि ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. काकडी, दोडका, दुधी यांच्यातला कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. ऊन आणि पाण्याची ओढ पडली की तो वाढू शकतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या कुंडीत शक्यता जास्तच. काकडीचा देठाकडचा इंचभर तुकडा कडू असेल तर तो कापून टाका. चकती घासून फेस काढण्यावर माझा विश्वास नाही. दुधी किंवा दोडका कडू लागला तर मात्र अख्खं फळ फेका. शिजवून हे विष जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या, माणसं दगावल्याच्याही घटना आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा त्यावरचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात कडू रस पिऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याला हे लागू नाही.

मूठभर भाजीत भर घालणारा आणखी एक फुकटा आहे. गोण्यांच्या कडेनं लालसर मांसल देठाची, गुबगुबीत पानांची घोळ आपोआप उगवते. तण म्हणून उपटू नका, निदान कंपोस्टात टाकू नका. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिच्यासारखीच पसरणारी नायटी असू शकते, ती टाकून द्या. घोळीची गंमत म्हणजे पाणी कमी पडलं की ती दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते, रात्री हवा आत घेते आणि पानांत आम्ल साठवते. दिवसभरात ते वापरलं जातं. त्यामुळे पहाटे तोडलेली घोळ आंबट आणि संध्याकाळची सपक. दोन दिवस पाणी न घातलेल्या गोणीतली, सकाळी सहाला तोडलेली घोळ तुरीच्या वरणात घाला, चिंच-कोकम घालायची गरज पडणार नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बेतानं, तिच्यात ऑक्झॅलेट बरंच असतं.

वहिनींचा निकाल कळवायचा राहिला. तीन मादी फुलांपैकी दोन धरली, एक पिवळं पडलं. त्या एका फुलासाठी त्यांनी मला दोषी ठरवलं आहे. आज पुन्हा सहाला वर बोलावलंय, पण या खेपेला त्यांच्या दुधीकडे. पुढच्या रविवारी कारलं, आणि त्याला मीठ लावून पिळावं की नाही यावरून आमच्या घरात असलेली दुफळी.